ब्रीम फ्लायमागे येतो, टोचतो, पण गळाला लागत नाही : कारणे आणि उपाय

सिडनीच्या आसपासच्या खाड्यांमध्ये फ्लाय, म्हणजे गळावर केस, पिसे आणि दोरा बांधून केलेले नकली आमिष, टाकून ब्रीम मासा गरवणाऱ्यांची एक तक्रार सतत कानावर येते. मासा फ्लायच्या मागे येतो, शेपटाला एक-दोनदा टोचतो आणि निघून जातो. हाताला नुसती टकटक जाणवते आणि लाइन ओढून घेतली की फ्लाय मोकळीच परत येते. अशा वेळी बहुतेक जण डबी उघडून दुसऱ्या रंगाची फ्लाय बांधतात, ती चालली नाही की तिसरी बांधतात आणि तोवर भरती ओसरून जाते. माझ्या मते रंग हा या प्रश्नात सर्वांत शेवटी तपासण्याचा घटक आहे. फ्लायचे शेपूट गळाच्या किती मागे जाते, फ्लाय पाण्यात किती वेगाने बुडते आणि मासा तोंड लावतो त्या क्षणी लाइनमध्ये किती ढील असते, या तीन गोष्टी आधी नीट पाहिल्या, तर बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते.

ब्रीम हे नाव जगात अनेक माशांना दिले जाते. अमेरिकेच्या दक्षिण भागात गोड्या पाण्यातल्या ब्लूगिललाही ब्रीमच म्हणतात, आणि युरोपातल्या नद्यांमधला ब्रीम आणखी निराळा आहे. येथे लिहितो आहे ते ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील यलोफिन ब्रीमविषयी, म्हणजे अकॅन्थोपॅग्रस ऑस्ट्रेलिस या जातीविषयी. क्वीन्सलंडमधील टाउन्सव्हिलपासून व्हिक्टोरियातील गिप्सलँड लेक्सपर्यंत हा मासा सापडतो, आणि त्याच्याही दक्षिणेला त्याचा जवळचा नातेवाईक ब्लॅक ब्रीम भेटतो. गोव्याच्या खाड्यांत पालू म्हणून ओळखला जाणारा मासा याच अकॅन्थोपॅग्रस गणातला आहे, त्यामुळे मांडवी किंवा झुआरीत गरवलेल्यांना या माशाची संशयी वृत्ती नवीन वाटणार नाही.

ब्रीमच्या तोंडाची रचना समजली की टोचण्याचा अर्थ लागतो. त्याच्या जबड्याच्या पुढच्या भागात सुळ्यांसारखे मजबूत दात असतात आणि त्यांच्या मागे गोल, बोथट दाढांच्या रांगा असतात. पुढच्या दातांनी पकडायचे, उपटायचे, तोडायचे आणि दाढांनी कवच फोडायचे, अशी ही विभागणी आहे. कालवे, शिंपले आणि खेकडे खाणाऱ्या माशाला ती हवीच. खेकडा समोर आला, तर ब्रीम तो एका घासात गिळत नाही. आधी पुढच्या दातांनी चाचपतो, एखादा पाय तोडतो आणि मग पुन्हा येतो. म्हणून शेपटावरची टोच हा नकार नसतो. माशाने खायला सुरुवात केलेली असते, पण त्याचा पहिला घास जिथे पडतो तिथे गळाचे टोक नसते.

परत आलेली फ्लाय आधी वाचावी

काहीही बदलण्यापूर्वी फ्लाय हातात घेऊन उजेडात धरावी. शेपटाचे केस विरळ झालेले किंवा पिंजलेले असतील आणि डोक्याकडचा भाग शाबूत असेल, तर मासा शेपूटच टोचत होता हे उघड आहे. डोक्यावरच्या लाखेवर ओरखडे असतील, डोळे हललेले असतील किंवा दोरा कुरतडलेला असेल, तर माशाने फ्लाय पूर्ण तोंडात घेतली होती; मग दोष गळात किंवा झटका देण्याच्या पद्धतीत शोधावा. फ्लायवर कसलीच खूण नसेल आणि तरीही मासा मागे येताना दिसला असेल, तर तो शेवटच्या क्षणी वळतो आहे, आणि त्याची कारणे बुडण्याच्या वेगात, लीडरमध्ये (लाइन आणि फ्लाय यांना जोडणाऱ्या पातळ पारदर्शक दोऱ्यात) किंवा तुमच्या सावलीत असतात. फ्लाय पुन्हा पुन्हा वाकडी होऊन, शेपूट गळाच्या वाकाभोवती गुंडाळलेल्या स्थितीत परत येत असेल, तर माशाला दोष देण्याचे कारणच नाही, कारण तशी गिरक्या घेत येणारी फ्लाय तो घेणार नाही.

शेपूट

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच फ्लाय मोठ्या माशांसाठी बांधलेल्या असतात आणि त्यांचे शेपूट गळाच्या वाकामागे दोन-तीन इंच लोंबत असते. फ्लॅटहेडसारखा मोठ्या तोंडाचा मासा ती एका श्वासात आत ओढतो, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. ब्रीमचे तोंड लहान असते आणि तो मागून येऊन टोकाला धरतो. म्हणून ब्रीमसाठी बांधलेल्या फ्लायचे शेपूट गळाच्या वाकामागे गळाच्या रुंदीइतके, म्हणजे दांडा आणि टोक यांच्यातल्या अंतराएवढेच असावे. ६ क्रमांकाच्या गळावर हे अंतर जेमतेम एक सेंटिमीटर भरते. फ्लाय बांधताना गळ धरून ठेवणाऱ्या पकडीत, म्हणजे व्हाइसमध्ये, असताना ती आखूड आणि बेढब दिसते, पण पाण्यात ओली झाल्यावर तिचे प्रमाण अगदी बरोबर दिसते.

पाण्याकाठी उभे असताना दुसरी फ्लाय नसेल, तर आहे तिचेच शेपूट कमी करता येते. त्यासाठी कात्री वापरू नये. कात्रीने केसांची टोके एका रेषेत कापली जातात आणि शेपटाला झाडूसारखा बोथट शेवट येतो. केस अंगठा आणि तर्जनीच्या नखांत धरून थोडे थोडे तोडावेत. मग काही लांब, काही आखूड राहतात आणि शेपूट निमुळतेच राहते. मॅराबूची मऊ पिसे आणि क्राफ्ट फर (कृत्रिम केस) या दोन्हींवर ही युक्ती चालते. सशाच्या कातडीची पट्टी मात्र अशी तुटत नाही. ती बांधतानाच आखूड घ्यावी आणि वाकाभोवती गुंडाळू नये म्हणून तिच्याखाली साधारण २० पौंडी (२० पौंड ताण सोसणाऱ्या) नायलॉनचा एक छोटा आडवा फास दांड्यावर बांधून ठेवावा, म्हणजे पट्टी त्याच्यावर टेकून राहते.

या खाड्यांसाठी मी जी फ्लाय सर्वांत जास्त बांधतो ती चिखलातल्या निपरची नक्कल आहे. निपर म्हणजे वाळू आणि चिखलात बिळे करून राहणारा, फिकट गुलाबी रंगाचा, झिंग्यासारखा लहान जीव, ज्याचा एक नांगा दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असतो. ओहोटीच्या वेळी पंप घेऊन त्याला उपसणारे लोक प्रत्येक वाळूच्या पट्टीवर दिसतात, आणि ब्रीमला तो किती आवडतो हे त्या गर्दीवरूनच कळते. खाऱ्या पाण्यासाठीचा ६ क्रमांकाचा गळ व्हाइसमध्ये धरून त्याच्या कानाच्या (दोरा ओवायच्या छिद्राच्या) थोडे मागे, दांड्याच्या वरच्या अंगाला, मण्यांच्या साखळीचे दोन डोळे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वळसे देऊन घट्ट बसवावेत. डोळे या बाजूला असले की त्यांच्या वजनाने फ्लाय पाण्यात उलटी होते आणि गळाचे टोक वर राहते, त्यामुळे ती चिखलात किंवा कालवांत कमी अडकते. मग दोरा वाकापर्यंत नेऊन फिकट तपकिरी क्राफ्ट फरची एक विरळ चिमूट शेपूट म्हणून बांधावी. शेपटाच्या मुळाशी नारिंगी धाग्याचे दोन-तीन वेढे द्यावेत, म्हणजे अंडी धरलेल्या मादीचा भास होतो. अंगासाठी मळकट पांढरी किंवा गुलाबी छटेची लोकर पिळून गुंडाळावी. दोन्ही बाजूंना रबरी पायांची एकेक जोडी घ्यावी, पण ती वाकाच्या मागे जाऊ देऊ नये, कारण ब्रीम आधी पायच ओढतो. शेवटी गळ उलटा फिरवून टोकाच्या बाजूला थोडेसे फर पंखासारखे बांधावे. ते इतके विरळ असावे की त्यातून पलीकडचे दिसले पाहिजे. डोक्यावर अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या राळेचा पातळ थेंब द्यावा, नाहीतर दोनच ब्रीमनंतर दोरा उसवतो.

क्रेझी चार्ली ही बोनफिशसाठी बहामाजमध्ये जन्माला आलेली जुनी फ्लाय बांधणीत हिच्याशी बरीच मिळतीजुळती आहे आणि आखूड शेपटाने बांधली तर ब्रीमलाही चांगली चालते. बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात पेन्सिल्व्हेनियातील सस्क्वेहाना नदीच्या बास माशासाठी बांधलेली क्लाउझर मिनो सर्वांच्या डबीत असते; पण तिचे हरणाच्या शेपटीचे केस लांब आणि ताठ असतात आणि डंबेलच्या आकाराचे धातूचे डोळे जड असतात, त्यामुळे उथळ पाण्यात तिच्यावर नुसत्या टोचाच जास्त मिळतात.

बुडण्याचा वेग

बिळातून निसटलेला निपर किंवा कोळंबी तळाकडे सावकाश, थोडी तिरकी होत, मधूनच थांबत उतरते. जड डोळ्यांची फ्लाय मात्र नाक खाली करून सरळ तळाशी जाते. ब्रीमची नजर उत्तम असते आणि उथळ, नितळ पाण्यात त्याला हा फरक दिसतो. मागे आलेला मासा फ्लाय बुडायला लागताच वळून जात असेल, तर वजन कमी करावे.

हे घरी बसून तपासता येते. एका उंच पारदर्शक बरणीत पाणी भरून नवी फ्लाय आधी चांगली भिजवावी, कारण कोरड्या फरमध्ये अडकलेली हवा वेग फसवते. मग ती जवळ जवळ वितभर टिपेटला (लीडरच्या शेवटच्या, सर्वांत बारीक तुकड्याला) बांधून सोडावी. फ्लाय आडवी राहून उतरते की नाक खाली करते, टोक वर राहते की एका कुशीवर पडते, शेपूट हलते की अंगाला चिकटते, हे सगळे त्या काही क्षणांत दिसते. गुडघाभर पाण्यासाठी मण्यांच्या साखळीचे डोळे पुरतात, आणि त्याहून उथळ ठिकाणी डोळ्यांऐवजी जाड नायलॉनचे जळके टोक लावून वजनच काढून टाकावे. कालवांच्या रॅकच्या, म्हणजे कालवे वाढवण्यासाठी पाण्यात खांबांवर उभारलेल्या मांडवांच्या, कडेला, जिथे पाणी दोन-तीन मीटर खोल असते आणि ओढ जोरात असते, तिथे लहान डंबेल डोळे हवेतच, नाहीतर फ्लाय माशाच्या डोक्यावरून वाहून जाते.

लाइनचा परिणामही याच हिशोबात धरावा. तरंगणाऱ्या लाइनवर वजनदार फ्लाय ओढली की ती वर उचलली जाते आणि थांबलो की पडते. इंटरमीडिएट लाइन सेकंदाला साधारण चार-पाच सेंटिमीटर बुडते, त्यामुळे तिच्यावर हलकी फ्लाय एका पातळीवर, सरळ येते. मासे चिखलावरून अन्न वेचत असतील, तर पहिली जोडी बरी. ते रॅकच्या खांबांपाशी मधल्या पाण्यात उभे असतील, तर दुसरी बरी. फ्लोरोकार्बनची घनता पाण्याच्या पावणेदोनपट असते, तर नायलॉन पाण्यापेक्षा किंचितच जड असते, म्हणून लांब फ्लोरोकार्बन लीडर हलक्या फ्लायला थोडे खाली खेचतो. अगदी उथळ पाण्यात हेच वजन अडचणीचे ठरते आणि तिथे मी साधे नायलॉन वापरतो. फ्लाय फासाच्या गाठीने बांधावी, घट्ट गाठीने नव्हे. मोकळ्या फासात ती स्वतःच्या वजनाने डुलते आणि पडताना अधिक जिवंत दिसते.

ढील आणि झटका

ब्रीम फार वेळा फ्लाय पडत असताना किंवा नुकतीच थांबलेली असताना घेतो, आणि नेमके तेव्हाच लाइन ढिली असते. त्याने फ्लाय तोंडात घेतली, चावली, कडक गळ लागला म्हणून थुंकली, आणि हाताला पोहोचली ती फक्त शेवटची टकटक, असे घडते. म्हणून रॉडचे टोक पाण्याला टेकवून किंवा बोटभर पाण्यात बुडवून धरावे आणि लाइन रॉड धरलेल्या हाताच्या बोटाखालून घ्यावी. रॉडचे टोक वर असेल, तर टोकापासून पाण्यापर्यंत लाइनची एक झोळी लोंबते आणि मासा ती झोळी सरळ करेपर्यंत तुम्हाला काहीच कळत नाही. आडव्या प्रवाहातही हेच होते, फक्त झोळी पाण्यात पडते. तिथे फ्लाय प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकी टाकून लाइन वाहून येईल तसतशी हाताने गोळा करत राहावे.

टोच जाणवताच रॉड उचलणे ही ट्राउट गरवणाऱ्यांची सवय आहे आणि ब्रीमच्या बाबतीत ती नडते. रॉड उचलला की फ्लाय माशापासून एकदम मीटरभर दूर आणि वर जाते. तो पुन्हा येत नाही. त्याऐवजी रॉड खालीच ठेवून दुसऱ्या हाताने लाइन लांब, सरळ आणि ठाम ओढावी. गळ लागला तर वजन लगेच जाणवते आणि मगच रॉड उचलावा. लागला नाही तर फ्लाय हातभरच पुढे सरकते, घाबरून पळणाऱ्या कोळंबीसारखी दिसते, आणि तोच मासा बहुतेक वेळा अधिक जोराने दुसऱ्यांदा येतो. टोचेनंतर लगेच थांबून फ्लाय पुन्हा पडू दिली तरी तो घेतो. टोच जाणवल्यावर फ्लाय पळवत राहणे तेवढे टाळावे.

उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, खाडीच्या वरच्या अंगाला झाडांखाली सिकाडा (झाडांवर किरकिरणारे कीटक) पाण्यात पडतात आणि ब्रीम ते पृष्ठभागावर खातात. तिथे तरंगत्या फ्लायवर उलट अडचण येते : उडालेले पाणी पाहून माणूस घाईने ओढतो आणि फ्लाय माशाच्या तोंडाजवळून निघून जाते. पाणी उडाले म्हणून ओढू नये, वजन लागले की ओढावे.

गळ, लीडर आणि पाणी

डोक्यावर दातांच्या खुणा असूनही मासा लागत नसेल, तर गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर तिरके टेकवून पाहावे. ते रुतले पाहिजे. घसरले तर बारीक कानशीने दोन-तीन बाजूंनी घासावे. ब्रीमचे तोंड हाडाळ असते आणि कालवांवर एकदा घासलेला गळ त्यात शिरत नाही. उलटा काटा पकडीने दाबून टाकला की गळ कमी जोराने आत जातो आणि लहान मासा सोडणेही सोपे होते. ट्राउटसाठीचे बारीक तारेचे गळ मात्र वापरू नयेत, कारण मोठा ब्रीम ते दाढांखाली चपटे करतो. अंग जाड बांधल्यामुळे दांडा आणि टोक यांच्यातली फट भरून गेली असेल, तर गळ कितीही तीक्ष्ण असला तरी उपयोग नाही.

उथळ, स्वच्छ पाण्यात दहा ते बारा फूट लीडर आणि सहा पौंडी टिपेट पुरते. रॅकजवळ आठ पौंडांच्या खाली जाऊ नये, कारण कालवांची धार टिपेट क्षणात कापते. ही कालवांची शेती खाजगी मालमत्ता असते. खांबांना होडी बांधणे किंवा गळ सोडवण्यासाठी रॅक हलवणे चुकीचे आहे. क्यूएक्स रोगाने १९९४ मध्ये जॉर्जेस नदीतली आणि २००४ मध्ये हॉक्सबरीतली सिडनी रॉक कालवे मोठ्या प्रमाणावर मारली, तेव्हापासून येथल्या शेतकऱ्यांनी काय सोसले आहे हे लक्षात घेऊन तरी तिथे जपून वागावे.

पाणी साचून उभे असेल, तेव्हा माशाला फ्लाय न्याहाळायला भरपूर वेळ मिळतो आणि टोचा वाढतात. भरतीचे पाणी वाळूच्या पट्टीवर चढू लागते, किंवा ओहोटीत खारफुटीतल्या ओहोळांतून बाहेर पडू लागते, तेव्हा त्याला लगेच निर्णय घ्यावा लागतो. जागा ठरवताना वाहते पाणी शोधावे. जून ते ऑगस्ट या थंडीच्या महिन्यांत अंडी घालण्यासाठी मोठे मासे नदीच्या मुखाकडे जमतात. त्या काळात वरच्या अंगाला लहान ब्रीमच जास्त भेटतात आणि टोचणारे बहुधा तेच असतात. न्यू साउथ वेल्समध्ये ब्रीमची किमान लांबी २५ सेंटिमीटर आहे आणि मासेमारीचे शुल्क भरल्याची पावती प्रौढांजवळ असावी लागते. याच शुल्काच्या पैशातून व्यावसायिक मच्छीमारांचे हक्क विकत घेऊन २००२ मध्ये बॉटनी बे आणि लेक मॅक्वारीसारखी पाणी हौशी गरवणाऱ्यांसाठी राखून ठेवली गेली. सिडनी हार्बरमध्ये पुलाच्या पश्चिमेला पकडलेला मासा डायॉक्सिनमुळे खाऊ नये असा सरकारी सल्ला आहे, तेव्हा तिथला ब्रीम पाण्यातच सोडावा.

रंगाविषयी एवढेच सांगतो की वाळूवर फिकट, चिखलावर तपकिरी किंवा हिरवट आणि पावसानंतरच्या गढूळ पाण्यात काळा किंवा गडद जांभळा रंग घ्यावा. शेपूट, वजन आणि ढील यांत एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिल्यानंतर मगच याकडे वळावे, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

हे सर्व करूनही टोचा तशाच चालू राहिल्या, तर शेपूट पुन्हा एकदा जवळून पाहावे. केस पिंजलेले नसून कात्रीने कापल्यासारखे सरळ रेषेत गेले असतील, रबरी पाय मुळापासून नाहीसे झाले असतील किंवा टिपेटही गाठीजवळ स्वच्छ कापले गेले असेल, तर टोचणारा मासा ब्रीम नव्हे, टोडफिश आहे. त्याचे दात चोचीसारखे जुळलेले असतात, तो विषारी असल्याने खाण्याच्या कामाचा नाही, आणि एका जागी त्याचा थवा जमला की एकामागून एक फ्लाय तो संपवतो. अशा ठिकाणी फ्लाय बदलत बसण्यापेक्षा सरळ दोनशे पावले पुढे, वाहत्या पाण्याकडे निघून जावे.